दुपटीच्या आत

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. पुण्यातल्या नातेवाइकांना हे अजून पचलेलं नाही. ते रविवारी साखरपुडा ठेवतात आणि मी येत नाही म्हणून रुसतात. विजेच्या सोयीसाठी कधीतरी ठरलेला हा वार आता सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत बहुतेक शेड बंद, निगडीच्या भाजी मंडईत रविवारसारखी गर्दी, आणि बँक, पोस्ट, दातांचा डॉक्टर मात्र चालू. माझ्यासारख्या याद्या करून जगणाऱ्या बाईला यापेक्षा सोयीची सुट्टी नाही. दुपारपर्यंत सगळ्या कामांवर काट मारून होते.

कारखान्यात गुरुवारचा आणखी एक उपयोग असतो. जे काही नवं बसवायचं, बदलायचं, तपासायचं, ते गुरुवारी. प्रेस बंद असतात, माणसं नसतात, काही बिघडलं तरी उत्पादन अडत नाही. गेल्या वर्षी आमच्या शॉपमध्ये, म्हणजे प्रेस चालतात त्या शेडमध्ये, कॉम्प्युटरचं एक काम झालं, तेही असंच गुरुवारी-गुरुवारी पार पडलं. त्यातला एक शुक्रवार मात्र माझ्या चांगला लक्षात आहे.

आमची कंपनी चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसमध्ये दाबून काढते. मी प्लॅनिंगमध्ये आहे. कॉम्प्युटरची कामं माझ्याकडे येतात ती मला कॉम्प्युटर फार कळतो म्हणून नाही, तर मी पाठपुरावा सोडत नाही म्हणून. प्लांट हेड साहेबांनी हे मला तोंडावर सांगितलं आहे आणि मी ते कौतुक म्हणून घेतलं आहे.

प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी एक कॅमेरा आहे. बाहेर पडलेल्या प्रत्येक भागाचा फोटो निघतो, शेजारचा छोटा कॉम्प्युटर त्यात चीर आहे का बघतो आणि भाग पुढे गेला की त्याची माहिती पुढच्या कॉम्प्युटरला देतो. असे चौसष्ट कॉम्प्युटर. आधी हे सगळे ऑफिसातल्या एका मोठ्या कॉम्प्युटरला विचारून चालायचे. एकदा खोदकामात त्याची केबल तुटली आणि अख्खी शॉप आंधळी झाली. त्या दिवशी साहेबांनी ठरवलं की मोठा साहेब कॉम्प्युटर नको. शॉपवरच्यांनी आपापसात ठरवून काम करायचं.

हे काम ज्याच्याकडे आलं तो आमच्याकडे बरीच वर्षं कंत्राटावर असलेला इंजिनिअर. लातूरकडचा. नोकरी सांभाळून त्याने ताथवड्याच्या एका कॉलेजात एम.ई. केलं होतं आणि तिथेच हा विषय शिकला होता. चाकणमध्ये तिघांत मिळून एका खोलीत राहायचा. बायको गावाकडच्या अनुदानित शाळेत शिक्षिका, कायम नोकरीत. मुलगी तिच्याजवळ. लग्न झाल्यापासून दोघं सलग राहिले असतील ते फक्त सुट्ट्यांमध्ये.

एम.ई. करत असताना तो माझ्यासारखाच निगडीला उतरायचा, आणि ते संपल्यावरही या कामासाठी सरांना भेटायला कॉलेजात जायचा, म्हणून कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी असायचा. तळवड्याच्या चौकात बस अडकली की बोलायला भरपूर वेळ मिळतो. तिथेच एकदा त्याने सांगितलं.

"मॅडम, बायको म्हणायलीय, दोघांपैकी एकाची तरी नोकरी पक्की पाहिजे. तुमचा कायमचा कागद येऊ द्या, त्याच दिवशी मी राजीनामा देते आणि पोरीला घेऊन येते."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर तिकडंच. चुकतंय कुठं तिचं? मी दर वर्षी कंत्राटावर सही करतो. दोघंही लटकलो तर खाली कोण धरणार?"

तिचं काही चुकत नव्हतं. साहेबांनी माझ्यासमोर त्याला सांगितलं होतं की हे काम पास झालं तर तुझ्या नावाची शिफारस मी स्वतः करतो. म्हणजे या कामाच्या एका टोकाला चौसष्ट कॉम्प्युटर होते आणि दुसऱ्या टोकाला एक बिऱ्हाड.

काम काय होतं ते सांगते. कोणतेही दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांच्यात काय देवाणघेवाण झाली याची प्रत कुणीतरी ठेवायला हवी. उद्या एखादा भाग चीर पडून परत आला तर तो कुठून कुठे गेला हे शोधता आलं पाहिजे. दोघांपैकी एकाने प्रत ठेवली तरी चालतं. प्रत ठेवणाऱ्याला आम्ही राखणदार म्हणू लागलो. पण राखणीचं काम जड. राखणदार कॉम्प्युटर फोटो बघण्यात मंद होतो. म्हणून राखणदार कमीत कमी हवेत, आणि तरीही एकही जोडणी राखणीवाचून राहता कामा नये.

पहिल्या मीटिंगला साहेबांनी एवढं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कमीत कमी किती?"

"आत्ता आहे तशी शॉप धरली तर बावीस," इंजिनिअर म्हणाला. "घरच्या लॅपटॉपवर काढलंय मी."

"संपलं की मग. बावीस लावून टाक."

"साहेब, शॉप आत्ता आहे तशी राहती कुठं? एका भागाची डाय काढून दुसऱ्याचा साचा बसवला की लाइन बदलती. दुपारच्या शिफ्टला दोन प्रेस बंद असतात. कनेक्शन बदललं की पुन्हा पहिल्यापासून हिशोब. आणि तो हिशोब करायला सगळ्या शॉपचं चित्र एका जागी लागतंय. तेच तर आपण काढून टाकलंय."

"मग तुझं हे किती लावणार?"

"चौतीस लागलेत आज."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बावीसच्या जागी चौतीस. आणि याला तू सोल्यूशन म्हणतोस. राव, हे अंदाजपंचे दाहोदरसे झालं."

"अंदाज नाही साहेब. किती चुकू शकतंय ते बांधलेलं आहे. कधीही, शॉप कशीही असू द्या, कमीत कमीच्या दुपटीच्या वर जाणार नाही."

"कशावरून?"

त्याने फळ्यावर गोल काढायला सुरुवात केली आणि मग खडू ठेवून दिला. म्हणाला, "साहेब, शाळेत कवायतीला सर म्हणायचे ना, जोड्या लावा. पोरं काय करतात? शेजारी मोकळं पोरगं दिसलं की त्याचा हात धरतात. सगळ्या मैदानावर काय चाललंय ते कुणी बघत नाही. थोड्या वेळानं गलका थांबतो. काही पोरं उरतात. पण उरलेली दोन पोरं शेजारी-शेजारी कधीच नसतात."

"का?"

"असती तर त्यांनीच हात धरले असते की."

साहेबांनी टेबलावर दोन बोटं जवळ आणून बघितली. इंजिनिअर पुढे सांगू लागला.

"तर जोडीतले दोघंही राखणदार. उरलेले मोकळे. आता कुठलेही दोन शेजारी घ्या. दोघंही मोकळे असूच शकत नाहीत. म्हणजे एक तरी राखणदार आहेच. एकही जोडणी उघडी राहिली नाही."

"पण दोघंही कशाला? जोडीतला एक पुरे की!"

"पुरतो. पण कोणता एक, ते ठरवायला पुन्हा सगळं मैदान बघावं लागतंय. एकाला काढलं आणि त्याच्या पलीकडं एखादा मोकळा असला तर ती जोडणी उघडी पडली. म्हणून दोघं. आता तुम्ही जगातला सगळ्यात हुशार माणूस आणा. त्यानं कसेही राखणदार नेमले तरी माझ्या प्रत्येक जोडीतला एक तरी त्याला नेमावाच लागणार, कारण त्या दोघांतली जोडणी पण राखायची आहे. मी दोन नेमले, तो एक तरी नेमणारच. म्हणजे मी त्याच्या दुपटीच्या वर जाईनच कसा?"

मला हे तिथल्या तिथे पटलं. मी वहीत लिहून घेतलं आणि बसमध्ये पुन्हा वाचलं तेव्हाही पटलं, म्हणजे खरंच पटलं होतं. साहेबांनाही पटलं असावं, पण त्यांची अडचण वेगळी होती. त्यांना वर रिपोर्ट द्यायचा होता आणि रिपोर्टमध्ये 'सर्वोत्तम' हा शब्द हवा होता.

"बेस्ट लिही. कोण मोजायला येतंय?"

"कोणी येणार नाही साहेब. पण बेस्ट नाहीये ते."

"अरे, तुझ्याच फायद्याचं सांगतोय."

इंजिनिअरने माझ्याकडे बघितलं. त्याला कागद हवा होता, आणि तो कागद ज्या माणसाच्या सहीने येणार होता तो माणूस समोर बसून एक शब्द मागत होता. मी म्हटलं, "साहेब, आपल्या ड्रॉइंगवर कुठल्या भोकाचा व्यास एकच आकडा म्हणून लिहिलेला असतो का? प्लस-मायनस असतंच ना? इतक्याच्या खाली नको, इतक्याच्या वर नको. या कामालाही वरची मर्यादा लिहू. बेस्ट हा शब्द आपण पत्र्याच्या भागालासुद्धा लावत नाही."

साहेब थोडा वेळ पेन वाजवत राहिले. ते प्रेसवर उभं राहून वर आलेले आहेत. टॉलरन्स हा शब्द त्यांना शिकवावा लागत नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वरची मर्यादा चव्वेचाळीस. लिहा. पण मग नियमही पत्र्याचाच. चव्वेचाळीसच्या वर गेलं की रिजेक्ट. तेव्हा मला शाळेची कवायत सांगायची नाही."

"चालतंय साहेब," इंजिनिअर म्हणाला.

बाहेर पडल्यावर मी त्याला म्हटलं, "बेस्ट लिहिलं असतंस तर कुणालाच कधी पकडता आलं नसतं."

"तेच तर," तो म्हणाला. "मला तसं नको होतं."

त्यानंतर आम्ही ओळीने काही गुरुवार चाचण्या घेतल्या. माझ्या गुरुवारच्या यादीत मंडई आणि बँक खाली गेली आणि वर नवी ओळ आली: इलेक्ट्रिकलला सांगणे, शॉपचे बोर्ड चालू ठेवा. कारण गुरुवारी इलेक्ट्रिकलवाले लाइनचे विजेचे बोर्ड बंद करून झाडझूड करतात, ढिले स्क्रू आवळतात. आमच्यासाठी त्यांनी ते काम मागे ठेवलं. शॉपमध्ये प्रेस बंद पण चौसष्ट कॉम्प्युटर जागे, असं दृश्य. आम्ही दोघं स्क्रीनसमोर डबा उघडून बसायचो. ही स्क्रीन नुसती बघण्यापुरती होती, ठरवत काही नव्हती. जोडीतले कॉम्प्युटर हिरवे दिसायचे, मोकळे पांढरे. सुरू केलं की हिरवे ठिपके दोन-दोनने उमटायचे आणि काही क्षणांत सगळं थांबायचं. चौतीस. कधी बत्तीस. कधी छत्तीस. कोण आधी कोणाचा हात धरतो त्यावर अवलंबून.

बिघाडाचीही चाचणी घेतली. एक कॉम्प्युटर बंद केला की त्याचा जोडीदार त्याला हाका मारायचा, उत्तर नाही आलं की दुसरा मोकळा शेजारी शोधायचा. बंद केलेला पुन्हा चालू केला. आकडा एक-दोनने वाढला. चव्वेचाळीसच्या बराच खाली होता, म्हणून आम्ही पुढच्या ओळीवर गेलो. यादीत 'एक यंत्र बंद-चालू' यापुढे खूण झाली.

चाचण्या संपल्या. साहेबांना शुक्रवारी सकाळी दाखवायचं ठरलं. बुधवारी बसमध्ये इंजिनिअर म्हणाला, "गुरुवारी येऊ नका मॅडम. काही राहिलं नाही. मी पण गावाला फोनबिन लावतो निवांत."

मी त्या गुरुवारी मंडईत गेले, दातांच्या डॉक्टरकडे गेले, एक पडदा शिवायला टाकला.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टचे भोंगे वाजले आणि आम्ही तिघं मीटिंग रूममध्ये स्क्रीनसमोर उभे राहिलो. इंजिनिअरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्क्रीन उघडली. इतका हिरवा रंग मी आधी पाहिला नव्हता. कोपऱ्यात आकडा होता एक्कावन्न.

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "एक्कावन्न म्हणजे चव्वेचाळीसच्या वर की खाली?"

 

"मला दहा वाजता फोन आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

इंजिनिअर खुर्ची ओढून बसला. मग त्याने आदल्या दिवसाची नोंद मागे सरकवत नेली. सकाळी चौतीस. मग पहिल्या लाइनचे कॉम्प्युटर एकदम गायब. थोड्या वेळाने ते परत आले, आकडा चढला. मग दुसरी लाइन गायब, परत आली, आकडा आणखी चढला. मग तिसरी.

मी इलेक्ट्रिकलच्या सुपरवायझरला फोन लावला. ते खराबवाडीकडचे, जुन्या गावातले.

"काल बोर्ड पाडले होते का?"

"व्हय मॅडम. कालच का, दर गुरुवारी पाडतो की आमी. एकेक लाइन करून. मधी तुमचा निरोप असायचा चालू ठिवा, म्हून न्हाई पाडले. काल निरोप न्हवता. का वो, काय जळलं का?"

"काही जळलं नाही," मी म्हटलं.

एव्हाना इंजिनिअरला कळलं होतं. एक लाइन बंद झाली की तिचे शेजारी नवे जोडीदार धरत होते. इथवर ठीक. पण वीज आल्यावर जागा झालेला कॉम्प्युटर झोपण्याआधीचीच गोष्ट खरी धरून चालत होता. मी राखणदार आहे, माझा जोडीदार अमुक. तो जोडीदार कधीच दुसऱ्याचा हात धरून बसला होता, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. एकच यंत्र बंद-चालू केलं तेव्हा हा घोळ एक-दोनाचा होता. ओळीने सगळ्या लाइन बंद-चालू झाल्यावर तो साठत गेला. त्याचा शाळेतला पुरावा चुकीचा नव्हता. पुराव्यात प्रत्येक पोराचा एकच जोडीदार होता. इथे काही पोरं ज्याचा हात धरून होती त्याने तो कधीच सोडला होता.

"आपण गुरुवारी-गुरुवारी एवढं तपासलं," तो म्हणाला, "आणि गुरुवार कसा असतोय तेच बघितलं नाही."

हे अगदी बरोबर होतं. शॉप शांत मिळावी म्हणून आम्ही गुरुवार निवडला आणि तो शांत मिळावा म्हणून गुरुवारचं गुरुवारपण काढून टाकलं. या पट्ट्यातल्या कोणत्याही कंपनीत हेच झालं असतं. बाहेरच्या माणसाने रविवारी-मंगळवारी चाचणी घेतली असती, गुरुवारी बोर्ड नेहमीसारखे पडले असते आणि हा घोळ एका आठवड्यात सापडला असता.

तो उठून क्वालिटी विभागात गेला आणि लाल टॅग घेऊन आला. आमच्याकडे नापास भागाला लाल टॅग बांधतात. त्यावर कारण लिहायचं, बांधणाऱ्याची सही करायची. त्याने कारणापुढे 'मर्यादेबाहेर' लिहिलं, सही केली आणि टॅग स्क्रीनच्या पायाला सुतळीने बांधला.

"हे कशाला रे?" मी विचारलं.

"नियम पत्र्याचा ठरलाय ना."

साहेब फोन उरकून आले. टॅग त्यांना दारातूनच दिसला. जवळ येऊन त्यांनी तो उलटा करून वाचला. मला वाटलं आता ओरडतील.

"तूच बांधलास?"

"हो साहेब. कारण पण सापडलंय. वीज गेली की—"

"कारण लेखी दे." ते टॅग हातात धरूनच उभे होते. मी म्हटलं, "साहेब, टॅगवर खाली दोन चौकोन आहेत. रीवर्क आणि भंगार. त्यावर तुमची सही लागते. त्याशिवाय ही स्क्रीन जागची हलवता येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ना," ते म्हणाले. पण पेन काढलं आणि रीवर्कच्या चौकोनात खूण केली. "एकदाच. भागाला दोनदा रीवर्क नसतं."

त्या दिवशी बसमध्ये इंजिनिअरने घरी फोन लावला नाही. बायकोचा आला. तो म्हणाला, "नाही अजून. मर्यादेच्या बाहेर गेलं." मग वीज गेली की कॉम्प्युटर कसा झोपतो-उठतो ते थोडक्यात सांगितलं. पलीकडून ती काहीतरी बराच वेळ बोलली. तो मधेमधे दोन शब्दांत उत्तर देत होता. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "विचारायलीय, झोपेतून उठल्यावर तुमचा कॉम्प्युटर आधी काय करतोय. म्हटलं, काही नाही, आपलं काम सुरू करतोय. तर म्हणाली, मग तुमच्यासारखाच आहे. आधी घरात कोण आहे, कोण नाही ते तरी बघावं माणसानं."

दुरुस्ती तीच होती. सुचली त्याला सकाळीच होती, पण तिने फोनवर सांगितली ती त्याच्यापेक्षा कमी शब्दांत. जागं झाल्यावर कॉम्प्युटरने स्वतःला राखणदार समजायचं नाही. आधी जुन्या जोडीदाराला विचारायचं, आपण अजून जोडी आहोत का. हो म्हणाला तर ठीक. नाही म्हणाला किंवा उत्तरच आलं नाही, तर मोकळं व्हायचं आणि शेजारी कोणी मोकळं आहे का बघायचं.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम कंपनीत गेले. यादीत ओळ होती: इलेक्ट्रिकलला सांगणे, नेहमीसारखंच करा. सुपरवायझर जरा गोंधळले. "म्हंजी काहीच न्हाई सांगायचं, हे सांगायला फोन केला व्हय?" पण त्यांनी नेहमीसारखंच केलं. लाइन गेली, आली. दुसरी गेली, आली. जागे झालेले कॉम्प्युटर एक क्षण पांढरे राहायचे, मग काही हिरवे व्हायचे, काही पांढरेच राहायचे. आकडा अडतीसपर्यंत चढला आणि तिथून खाली आला. डबा खायचं आम्ही दोघंही विसरलो.

शुक्रवारी सकाळी आकडा छत्तीस होता. साहेबांनी तो बघितला, शिफ्ट बदलताना पुन्हा येऊन बघितला, लाल टॅग स्वतःच्या हाताने कापला आणि खिशात घातला.

शिफारशीचं पत्र मात्र आठवडाभर निघालं नाही. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "करतो हो. पण पहिल्या फटक्यात पास झालं असतं तर वर सांगायला सोपं गेलं असतं. आता फाइलला रीवर्क लागलंय."

"साहेब, रीवर्क होऊन पास झालेला भाग आपण वेगळ्या ट्रॉलीत ठेवतो का?"

"नाही ठेवत."

"गिऱ्हाइकाला सांगतो का, हा जरा वेगळा आहे म्हणून?"

"बाई, तुमचा पाठपुरावा म्हणजे..." ते म्हणाले. पत्र संध्याकाळी गेलं.

मुख्य ऑफिसकडून उत्तर आलं ते आम्हाला हवं होतं तसं नव्हतं. आधी सहा महिने परिवीक्षा, मग कायम. म्हणजे कागद आला, पण पक्का म्हणावा असा नव्हता. इंजिनिअरने तो मला बसमध्ये दाखवला आणि घडी घालून ठेवला.

"काय सांगणार घरी?"

"जे आहे तेच. पक्कं नाही, पण किती दिवस लटकायचं ते बांधलंय. आजवर तेवढं पण नव्हतं."

तिने राजीनामा दिला नाही. एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली. नियमात बसत होती, फक्त आजवर कुणी मागितली नव्हती. नोकरी तिकडे तिची राहणार होती आणि ती स्वतः इकडे येणार होती. दोघांपैकी एक पक्का, हे तिचं म्हणणं तसंच राहिलं. तो पक्का कोण, हे ठरवायला तिने वर्ष घेतलं.

मोशीत दोन खोल्यांचं घर मिळालं. ते आले तो गुरुवार होता. मी यादी घेऊन गेले होते: गॅस, पाण्याची वेळ, शाळेचा दाखला, दूधवाला, कचऱ्याची गाडी कधी येते. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. तिने हात पुसून नमस्कार केला आणि खोलीभर नजर फिरवली.

"ताई, हे सारखं सांगायचे, आमच्याकडं कसंही असलं तरी दुपटीच्या आत असतंय. इथलं भाडं तर गावाकडच्या चौपट आहे की ओ!"

"भाड्याची हमी मी कुठं दिली होती?" तो स्टुलावर चढून पंख्याची वायर लावत होता.

"बरं, सुट्टी तरी असती का नाही?"

"गुरुवारी," मी म्हटलं.

"आणि पोरीच्या शाळेला?"

"रविवारी."

ती हिशोब करत थांबली. मुलगी सामानाच्या पोत्यावर बसून बिस्किट खात होती. "म्हणजे इथं येऊन पण सगळ्यांची सुट्टी एका दिवशी नाहीच."

"रोज संध्याकाळी घरी येणार की मी," तो वरून म्हणाला. "याआधी किती संध्याकाळी आलो होतो?"

 नव्या घरात दूध उतू घालायचं होतं. तिने पातेलं शेगडीवर ठेवलं, दूध ओतलं आणि लायटर शोधू लागली. गॅस माझ्या यादीत होता. लायटर नव्हता. काडेपेटीही नव्हती. मी पर्स उलटीपालटी केली, इंजिनिअरने खिसे चाचपले.

"थांबा," ती म्हणाली, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन शेजारचं दार वाजवलं. दारात ती बराच वेळ बोलत उभी होती. परत आली तेव्हा तिच्या हातात काडेपेटी होती आणि मागोमाग शेजारच्या बाई, दूध उतू जाताना बघायला.